बाई, बेरीज करायची की वजाबाकी?

शाब्दिक उदाहरणांच्या तासाला हा प्रश्न ठरलेला. फळ्यावर चार ओळींचं उदाहरण लिहून झालेलं असतं, वह्या उघडलेल्या असतात, आणि बेरीज-वजाबाकी दोन्ही बिनचूक येणारं मूल पेन्सिल हातात धरून विचारतं, “बाई, यात बेरीज करायची की वजाबाकी?” बाईंना अजून तीस वह्या तपासायच्या असतात. त्या म्हणतात, “वजाबाकी.” मूल मान खाली घालून वजाबाकी करतं, उत्तर बरोबर येतं, वहीत बरोबरची खूण पडते.

आता या उदाहरणात अवघड काय होतं ते बघा. वजाबाकी तर मुलाला येतच होती. अवघड होतं ते वजाबाकी करायची हे ठरवणं, आणि नेमकं तेच बाईंनी केलं. उदाहरण सोडवलं बाईंनी, हमाली केली मुलानं.

गणितातला आत्मविश्वास म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पटकन हात वर करणारं मूल येतं. माझ्या मते खूण वेगळी आहे. ‘काय करायचं’ आणि ‘बरोबर आलं का’ या दोन प्रश्नांची उत्तरं मूल कुठे शोधतं ते बघायचं: बाईंच्या चेहऱ्यावर की उदाहरणात? पहिली ते पाचवीच्या काळात ही नजर कुठे वळते, यावर पुढचं बरंच काही ठरतं.

कप्तानाचं वय किती?

२०१८च्या जानेवारीत चीनमधल्या पाचवीच्या एका प्रश्नपत्रिकेतला प्रश्न जगभर फिरला. जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? लोक हसले, चिडले, काहींनी तर हिशेब मांडून उत्तरंही काढली. तिथल्या शिक्षण विभागाचं म्हणणं होतं की मुलं विचार करतात का हे पाहण्यासाठीच तो प्रश्न घातला होता.

गंमत तशी जुनी आहे. फ्रेंच कादंबरीकार फ्लोबेर यानं १८४०च्या दशकात बहिणीला लिहिलेल्या पत्रात अशाच थाटात कप्तानाचं वय विचारलं होतं. १९७९च्या सुमारास फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या संशोधकांनी हा विनोद खरोखरच वर्गात नेला. दुसरी-तिसरीच्या वयाच्या ९७ मुलांना मेंढ्या-शेळ्यांचं उदाहरण घातलं. त्यातल्या ७६ जणांनी दिलेल्या आकड्यांचं काहीतरी करून कप्तानाचं वय काढून दिलं. (२६ आणि १० मिळवले की येतात ३६. कप्तानाला शोभेलसं वय आहे, नाही म्हणायला.)

ही मुलं मठ्ठ होती का? मुळीच नाही. शाळेत दोन-तीन वर्षं काढल्यावर त्यांना काही न शिकवलेले नियम कळले होते. उदाहरणाला उत्तर असतंच. ते एका आकड्यातच असतं. दिलेले सगळे आकडे वापरायचे असतात. धडा बेरजेचा चालू असेल तर बेरीज करायची. आणि ‘याला उत्तर नाही’ म्हणणं म्हणजे ‘मला येत नाही’ अशी कबुलीच. या नियमांनी चाललं तर बहुतेक वेळा उत्तर बरोबर येतं, म्हणून तर ते इतके पक्के बसतात.

३१ बस आणि बाकी १२

पुढच्या वर्गांत गेल्यावर हे आपोआप सुटतं, असं वाटत असेल तर आणखी एक उदाहरण बघा. अमेरिकेत राष्ट्रीय पातळीवरच्या एका चाचणीत १३ वर्षांच्या मुलांना विचारलं होतं: सैन्याच्या एका बसमध्ये ३६ सैनिक बसतात. १,१२८ सैनिकांना न्यायचं आहे, तर किती बस लागतील? निकाल १९८३ साली प्रसिद्ध झाले. सुमारे ७० टक्के मुलांनी भागाकार बिनचूक केला होता. पण २९ टक्क्यांनी लिहिलं, ‘३१, बाकी १२’. आणखी १८ टक्क्यांनी नुसतं ३१ लिहून बारा सैनिकांना थांब्यावरच सोडून दिलं. ३२ हे उत्तर लिहिणारे होते २३ टक्के.

आता याच्या शेजारी दुसरा प्रसंग ठेवा. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बालवर्गातल्या ७० मुलांना असं उदाहरण होतं: १९ मुलं छोट्या बसनं प्राणिसंग्रहालय बघायला निघाली आहेत. बसमध्ये ७ बाकं आहेत. एका बाकावर दोघं किंवा तिघं बसतील. तर किती मुलांना तिघं-तिघं बसावं लागेल आणि किती जणांना दोघं-दोघं बसता येईल? मोठ्या माणसांनाही क्षणभर थांबावं लागतं. या मुलांना भागाकार हा शब्दही माहीत नव्हता. त्यांनी काय करावं? सात बाकांवर दोन-दोन ठोकळे ठेवायचे, मग उरलेले पाच एकेक करून वाटायचे, आणि कोणत्या बाकावर किती झाले ते मोजायचं. सुमारे निम्म्या मुलांना हे जमलं. अर्थात वर्षभर त्यांच्या बाईंनी अशा गोष्टी सांगून ‘तुम्हाला कसं वाटतं, करून दाखवा’ असं विचारलं होतं, हेही सांगायला हवं.

बालवर्गातल्या पोरानं सगळ्यांना जागा करून दिली, कारण त्याच्या डोळ्यांपुढे खरोखरची मुलं आणि बाकं होती. तेरा वर्षांच्या मुलापुढे फक्त भागाकार होता.

‘बरोबर’ म्हणजे काय?

याच रोगाचं एक छोटं रूप चिन्हांतही दिसतं. दोन समांतर रेघांचं = हे चिन्ह वेल्समध्ये जन्मलेल्या रॉबर्ट रेकॉर्डनं १५५७ साली पहिल्यांदा छापलं. दोन समांतर रेघांइतक्या सारख्या दुसऱ्या कुठल्या दोन गोष्टी असणार, असं त्याचं म्हणणं. म्हणजे चिन्हाचा अर्थ ‘दोन्हीकडे सारखंच’. पण मुलाला ८ + ४ = ☐ + ५ असं देऊन बघा. चौकटीत बहुधा १२ येईल, नाहीतर सगळे मिळवून १७. योग्य आकडा ७. अमेरिकेतल्या एका अभ्यासात सहावीच्या १४५ मुलांपैकी एकानंही ७ लिहिला नव्हता. आपल्याकडे तर या चिन्हाचा उच्चारच ‘बरोबर’, आणि शाबासकीचा शब्दही तोच. मुलाला ‘बरोबर’ म्हणजे ‘आता उत्तर लिहा’ असं ऐकू आलं तर नवल नाही. तराजूच्या दोन पारड्यांचं चित्र काढून हे पहिलीतच सांगता येतं.

‘जास्त’ दिसलं की बेरीज

मुलांना मदत व्हावी म्हणून आपण एक युक्ती शिकवतो. ‘एकूण’, ‘मिळून’, ‘जास्त’ आलं की बेरीज. ‘उरले’, ‘कमी’ आलं की वजाबाकी. काही वर्गांत याचा तक्ताच भिंतीवर असतो. हेतू चांगला आहे, पण माझं स्पष्ट मत आहे की तो तक्ता काढून टाकावा.

कारण हे बघा: निनादकडे ८ गोट्या आहेत. त्याच्याकडे मीरापेक्षा ३ गोट्या जास्त आहेत. तर मीराकडे किती? तक्ता म्हणतो बेरीज, उत्तर ११. खरं उत्तर ५. उदाहरणात ‘जास्त’ आहे, पण जास्त निनादकडे आहेत, आणि विचारलंय मीराबद्दल. शब्द शोधणाऱ्या मुलानं वाक्य वाचलेलंच नसतं. युक्ती चुकते हा तिचा छोटा दोष. मोठा दोष असा की ती मुलाला वाचायचं टाळायला शिकवते.

गोष्ट आधी, आकडे नंतर

मग करायचं काय? सगळ्यात सोपा उपाय म्हणजे आकडे लपवणं. “एका बसमध्ये काही मुलं होती. थांब्यावर काही उतरली आणि त्याहून जास्त चढली.” एवढंच सांगायचं आणि थांबायचं. आता बसमध्ये आधीपेक्षा जास्त मुलं असतील की कमी? कशावरून? आकडेच नाहीत, तेव्हा मिळवायला-वजा करायला काही हाती लागत नाही. मुलाला गोष्टीतच शिरावं लागतं. मग एक आकडा सांगायचा, मग दुसरा, आणि प्रश्न सगळ्यात शेवटी. खरं तर प्रश्न मुलांनाच बनवायला सांगावा.

दुसरा उपाय चित्राचा. चित्र म्हणजे बसची चाकं रंगवणं नव्हे, साध्या पट्ट्या. निनादकडे मीरापेक्षा ३ गोट्या जास्त आहेत आणि दोघांच्या मिळून १७ आहेत, तर प्रत्येकाकडे किती? मोठी माणसं इथे ‘क्ष मानू’ म्हणतात. चौथीतलं मूल मीराची एक पट्टी काढतं, खाली निनादची तेवढीच पट्टी आणि तिला जोडून ३चा तुकडा. तो तुकडा झाकला की १४ उरतात, दोन सारख्या पट्ट्यांत वाटले की सात-सात. मीराकडे ७, निनादकडे १०. सिंगापूरच्या शाळांत १९८०च्या दशकापासून अशा पट्ट्या पद्धतशीर शिकवल्या जातात. आधी हाताळायच्या वस्तू, मग चित्र, मग चिन्हं हा तिथला क्रम.

चित्र काढणं हे ‘कच्च्या’ मुलांचं काम आहे असा एक समज आहे. मरियम मिर्झाखानी या इराणी गणितज्ञ २०१४ साली फील्ड्स पदक, म्हणजे गणितातला सर्वोच्च समजला जाणारा सन्मान, मिळवणाऱ्या पहिल्या स्त्री. त्या जमिनीवर मोठाले कागद पसरून तासन्‌तास आकृत्या काढत. त्यांच्या छोट्या मुलीला वाटायचं, आई चित्रं रंगवतेय. त्या स्वतःला सावकाश विचार करणारी म्हणवत, हे ‘लवकर, लवकर’ म्हणणाऱ्यांनी ऐकून ठेवावं.

ताळा कोणी करायचा?

आपल्याकडे एक सुंदर शब्द आहे, ताळा. उत्तर काढून झालं की ते जुळतंय का हे पडताळून बघायचं. वर्गात मात्र ताळा बाई करतात, लाल पेननं.

मागे एकदा तिसरीतल्या एका मुलीशेजारी बसले होते. वहीत ६३ वजा २७, उत्तर ४४. तिनं एकक-दशकात जिथे जो अंक मोठा, त्यातून लहान घालवला होता: ७ मधून ३ गेले ४, ६ मधून २ गेले ४. चूक सांगायचा मोह आवरला आणि विचारलं, “६३ पानांचं पुस्तक आहे, २७ पानं वाचून झाली. किती उरली?” तिनं वहीकडे पाहिलंच नाही. “अजून तीन वाचली की तीस... मग तेहतीस... छत्तीस.” मग नजर ४४ वर गेली. “यातलं खरं कुठलं?”

उत्तर माझ्या ओठांवर होतं. मी खिडकीबाहेर बघायला लागले. बराच वेळ गेला, म्हणजे मला तसं वाटलं. असतील दहा-बारा सेकंद. मग ती पुटपुटली, “सत्तावीस वाचली आणि चव्वेचाळीस उरली, म्हणजे पुस्तक एकाहत्तर पानांचं. पण ते तर त्रेसष्टचं आहे.” ४४ वर काट. आणि मग, कुणी न सांगता, ती वरच्या मांडणीवर बोट ठेवून शोधायला लागली की चुकलं कुठे. हातचा घ्यायचा राहिला होता.

या गप्प बसण्यावरही अभ्यास झाला आहे. अमेरिकेतल्या मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात प्राथमिक वर्गांतल्या ध्वनिफिती ऐकल्या. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबत होते. तो थांबा तीन सेकंदांपर्यंत नेला, तर मुलांची उत्तरं लांबली, ‘माहीत नाही’ कमी झालं, आणि एरवी न बोलणारी मुलं बोलायला लागली. तीन सेकंद मनात मोजून बघा. वर्गात ते फार मोठे वाटतात.

मग पाढे पाठ करायचेच नाहीत का?

करायचे. जरूर करायचे. विचार करताना त्या क्षणी जेवढं आपण डोक्यात धरून ठेवू शकतो, त्याला कार्यकारी स्मृती म्हणतात. ते एक छोटं टेबल समजा. सात आठे किती हे दरवेळी बोटांवर मोजावं लागलं तर टेबल तिथेच भरतं, गोष्टीला जागा उरत नाही. पाढे पाठ असले की ते टेबलाखालच्या खणात राहतात, लागतील तेव्हा हाताला येतात.

पण त्याच टेबलावर भीतीही येऊन बसते. ‘चुकलं तर?’, ‘सगळे हसतील’. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पहिली-दुसरीच्या मुलांतही ही चिंता आढळली, आणि तिचा फटका कार्यकारी स्मृती चांगली असलेल्या मुलांना जास्त बसलेला दिसला. म्हणून पाढे हवेत, पण घड्याळ लावून सगळ्यांसमोर उभं करून विचारलेले नकोत.

सगळं मुलांनीच शोधायचं, मग शिक्षक कशाला?

हा आक्षेप वजनदार आहे. शिक्षण-मानसशास्त्रज्ञ जॉन स्वेलर आणि इतरांनी १९८०च्या दशकापासून दाखवलं आहे की विषय अगदी नवा असताना मुलाला ‘शोध’ म्हणून सोडून दिलं तर टेबल भरून वाहतं आणि हाती फारसं लागत नाही. त्यापेक्षा सोडवून दाखवलेलं उदाहरण नीट समजून घेणं बरं. दुसरीकडे मनू कपूर यांनी दाखवलं की आधी मुलांना स्वतः झगडू दिलं आणि मग नीट शिकवलं, तर समज जास्त खोल जाते. दोन्ही बाजूंचे लोक कडाकडा भांडतात. पण दोघांच्याही मांडणीत शिक्षक शेवटी शिकवतोच, हे भांडणात विसरलं जातं.

मला रस्त्याचं उदाहरण पटतं. मागच्या सीटवर बसून शंभरदा गेलेला रस्ता, स्वतः गाडी हातात घेतली की आठवत नाही. पण गाडी चालवायला कुणी दाखवलंच नाही, तर रस्त्याचा प्रश्नच येत नाही. भागाकाराची मांडणी स्वच्छ दाखवावी, दोनदा दाखवावी. आणि दुसऱ्या दिवशी असं एक उदाहरण द्यावं, ज्याच्यासारखं आधी दाखवलेलं नाही.

मागे पडलेल्या मुलांचं काय?

‘आधी त्यांना साध्या बेरजा तर येऊ देत’ हे मी फार ऐकलं आहे. परिणाम असा होतो की ज्यांना विचार करायचा सराव सगळ्यात जास्त हवा, त्यांच्या वाट्याला नुसत्या बेरजांचे कागद येतात. आकडे लहान करा, गोष्ट तीच ठेवा. १९ मुलांऐवजी ९ घ्या, ७ बाकांऐवजी ४. ठोकळे द्या. विचार त्यांना करू द्या.

चुकीचं उत्तर फळ्यावर ठेवलं तर तेच डोक्यात बसेल, अशीही भीती असते. तसंच सोडून दिलं तर बसेलही. पण ‘४४ का आलं असेल?’ अशी चर्चा करून शेवटी ते निकालात काढलं, तर उलट त्याची ओळख पटते. फक्त चूक कुणाची ते सांगायचं नाही.

आणि वेळ? वीस उदाहरणांऐवजी चार घ्या. वेळ निघतो.

‘हुशार आहेस’ म्हणायचं की नाही?

१९९८ साली क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांनी पाचवीच्या मुलांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. काहींना ‘हुशार आहेस’ म्हटलं, काहींना ‘मेहनत घेतलीस’. पुढे अवघड कोडी आल्यावर हुशारीचं कौतुक झालेली मुलं लवकर ढेपाळली आणि त्यांना सोपंच काम हवंसं वाटलं. यावरून पुढे ‘मनात आणलं तर जमतं’ अशा शिबिरांचं पीक आलं. मोठ्या आढाव्यांत त्यांचा परिणाम सरासरीनं बेताचाच निघाला आहे. मला त्याचं आश्चर्य वाटत नाही. अल्बर्ट बँडुरा यांनी १९७७ मध्येच मांडलं होतं की ‘मला जमेल’ ही भावना सगळ्यात जास्त येते ती स्वतः करून जमल्याच्या अनुभवातून. त्यामुळे ‘शाब्बास’पेक्षा “पट्टी काढल्यावर तुला कळलं, नाही का?” हे वाक्य मुलाला जास्त काही देतं. काय केल्यानं सुटलं, ते त्यात असतं.

मला स्वतःलाच गणित येत नव्हतं...

असं म्हणणारे पालक खूप आहेत, आणि ते मुलांसमोर म्हणतात. २०१५ सालच्या एका अभ्यासात पहिली-दुसरीच्या मुलांबद्दल असं दिसलं की गणिताची धास्ती असलेले पालक गृहपाठात वारंवार मदत करत असतील, तर मुलं वर्षभरात कमी शिकली आणि त्यांचीही धास्ती वाढली. असे पालक क्वचितच मदत करत असतील, तर तसं झालं नाही. थोडक्यात, घाबरलेल्या माणसानं हात धरू नये.

पण कान देता येतो. त्यासाठी गणित यावं लागत नाही. मूल वही घेऊन आलं आणि “यात बेरीज की वजाबाकी?” म्हणालं, तर वहीकडे बघायचंच नाही. “थांब, मला आधी गोष्ट सांग. आकडे नकोत.” मूल जरा वैतागतं. मग सुरू करतं, “एक मुलगा असतो, त्याच्याकडे गोट्या असतात, मग त्याच्या काही हरवतात, आणि...” इथवर आलं की पुष्कळदा ते मध्येच तुटतं. “हां, कळलं,” म्हणतं, आणि गोष्ट तशीच अर्धी टाकून निघून जातं.